नदीची हद्द कोठे संपते? रेतीउपसा, काठची जमीन आणि आपली विहीर

(मुदखेड येथे गोदावरी व सीता नदीकाठच्या गावांतील शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



धुऱ्याचा एक हात शेजाऱ्याने नांगरला तर आपल्याकडे सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते. मोजणीचा अर्ज होतो, भूमी अभिलेखचा माणूस येतो, खुणा रोवल्या जातात. पण शेताच्या ज्या बाजूला नदी आहे, त्या बाजूची हद्द कोठे, असे विचारले तर बहुतेक जण पाण्याकडे बोट दाखवतात. उन्हाळ्यात पाणी दिसते तेथवर नदी, आणि पावसाळ्यात ते शेतात आले तर पूर, अशी आपली साधारण समजूत आहे. ही समजूत रेती उपसणाऱ्याच्या फायद्याची आणि आपल्या विहिरीच्या तोट्याची आहे. आज हळद, केळी, झेंडू यांवर बोलणारी तज्ज्ञ मंडळी पुढे आहेतच. ती पिके ज्या पाण्यावर उभी आहेत, त्याविषयी मी बोलणार आहे.

नदीला एक नव्हे, तीन हद्दी असतात. पहिली गावनकाशावरची महसुली हद्द. ती मोजणीच्या वेळी पात्र जेथे होते तेथे आखली गेली. नदी त्यानंतर सरकली असेल तर नकाशाला ते ठाऊक नसते. दुसरी पुराची हद्द, म्हणजे मोठ्या पुराचे पाणी जेथवर पसरते ती रेषा. तिसरी डोळ्यांना दिसत नाही. काठच्या काळ्या मातीखाली नदीनेच जुन्या काळी आणून टाकलेल्या रेती-गोट्यांचा थर असतो, तो जेथवर जातो तेथवर नदीचे पाणी जमिनीखालून जात-येत असते. ज्यांनी नदीकाठी विहीर खोदली आहे त्यांना हा थर चांगला माहीत आहे. वर माती, मग पिवळसर गाळ, मग रेती लागली की पाणी उसळते, आणि त्याखाली काळा पाषाण. विहिरीचे खरे भांडवल तो रेतीचा थरच असतो.

रेतीतील पाण्याचा हिशेब

थोडे आकडे सांगतो. रेतीच्या कणांमध्ये पोकळी असते. पाण्याने पूर्ण भरलेली रेती निथळू दिली तर तिच्या एकूण आकारमानाच्या सुमारे पाचवा हिस्सा पाणी बाहेर येते. आपल्या काळ्या पाषाणात हेच प्रमाण साधारणतः शंभरास एक ते तीन एवढेच असते. म्हणजे जेवढे पाणी दोन मीटर जाडीची रेती देते, तेवढ्यासाठी पाषाणाचा वीस मीटर जाडीचा थर लागतो.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. एक ब्रास रेती गेली की सुमारे साडेपाचशे लिटर पाणी साठविण्याची जागा गेली. तीन ब्रासचा एक टिप्पर म्हणजे सुमारे १,७०० लिटर. पात्रातील एक हेक्टर जागा दोन मीटर खोल उपसली, तर २०,००० घनमीटर, म्हणजे सुमारे सात हजार ब्रास रेती जाते आणि ४० लाख लिटर पाण्याची कोठी रिकामी होते. एकराला सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर साधारण २ लाख ४० हजार लिटर पाणी लागते. चाळीस लाखांत अशा सोळा पाळ्या बसतात. हरभऱ्याला दोन पाळ्या धरल्या तर आठ एकर हरभरा झाला. आणि ही कोठी एकदा भरून संपणारी नव्हती, ती दर पावसाळ्यात फुकट भरली जात होती. रेतीचे पैसे मात्र एकदाच मिळतात, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्यालाच मिळतात.

यावर कोणी म्हणेल, रेती गेली तर गेली, खड्ड्यात पाणी तर साचतेच. खड्ड्यातील पाणी उघडे असते, उन्हाने उडते. रेतीखालचे पाणी झाकलेले असते. शिवाय नांदेड शहर आपल्या वरच्या अंगाला आहे, शहराचे सांडपाणी नदीत येते. रेतीचा थर ते पाणी काही अंशी गाळतो. थर काढून पाषाण उघडा केला तर काठच्या विहिरींना येणारे पाणी तेवढे गाळले जात नाही.

याहून मोठा तोटा निराळाच आहे. पावसाळ्यात नदी काठाला पाणी देते आणि उन्हाळ्यात काठ नदीला पाणी देतो. नदीचा तळ ही आपल्या जमिनीखालच्या टाकीची तोटी समजा. तोटी जितकी खाली न्याल तितकी टाकी रिकामी होईल. पात्र दोन मीटर खोल गेले की काठालगतचे भूजलही तेवढे खाली ओढले जाते आणि त्याचा परिणाम कमी कमी होत आत शेतांपर्यंत पोहोचतो. काठापासून दूर असलेला शेतकरी म्हणतो, माझा नदीशी काय संबंध? त्याच्या विहिरीची चैत्रातील पातळी हा संबंध दाखवून देते.

गेलेली रेती परत येत नाही

रेती दर पुरात येतेच, मग काढायला हरकत काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वरच्या बाजूला धरणे नसती तर त्यात थोडे तथ्य होते. जायकवाडी १९७६ साली पूर्ण झाले. माजलगाव, पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर, नांदेडलगतचे विष्णुपुरी, आणि आपल्याकडे आमदुरा, बळेगाव, पुढे बाभळी असे बंधारे झाले. पाण्याबरोबर वाहणारी जाड रेती धरणाच्या जलाशयात बसते. खाली येते ते मुख्यतः गाळाचे पाणी. आज आपण जी रेती उपसतो ती बरीचशी आजोबा-पणजोबांच्या काळची शिल्लक आहे.

दरवर्षी किती रेती नव्याने येते याच्या मोजणीला पुनर्भरण अभ्यास म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या निकालात स्पष्ट केले की, हा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल रेतीउपशाच्या पर्यावरण मंजुरीसाठी आधार धरता येणार नाही. त्याआधी २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात याच न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली होती. हे निकाल कोर्टाच्या दप्तरात पडून राहू नयेत म्हणून मुद्दाम सांगत आहे. त्यांचा उपयोग कसा करावयाचा ते पुढे येईल.

काठ मागे सरकतो आणि अंतरही मागे सरकते

आता हद्दीचा मूळ मुद्दा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची २०१६ ची आणि २०२० ची रेतीविषयक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. उपसा काठापासून पात्राच्या रुंदीच्या एक चतुर्थांश अंतर सोडून करावा व हे अंतर कोणत्याही स्थितीत साडेसात मीटरपेक्षा कमी नसावे, असे त्यांत आहे. खोली जास्तीत जास्त तीन मीटर, आणि भूजल त्याआधी लागले तर तेथेच थांबावयाचे. पात्र दोनशे मीटर रुंद असेल तर प्रत्येक बाजूला पन्नास मीटर हात लावावयाचा नाही. कागदावर नियम वाईट नाही.

पण काठ म्हणजे कोणता काठ? तो जागेवर आखलेला नसेल तर अंतर आज दिसणाऱ्या कड्यापासून मोजले जाते. पात्र खोल केल्यावर काठ उभा, कड्यासारखा होतो. पूर असताना तो पाण्याने भिजून जड होतो, पण समोरच्या पाण्याचा त्याला आधार असतो. पूर ओसरताना हा आधार निघून जातो आणि काठ भिजलेलाच राहतो. अशा वेळी दरड कोसळते. म्हणूनच पूर उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमीन गेल्याचे पुष्कळांनी पाहिले असेल. यंदा काठ वीस फूट मागे गेला तर पुढच्या वर्षीचे अंतर त्या नव्या काठापासून मोजणार. म्हणजे नुकसान जेवढे वाढेल तेवढी उपशाची जागाही वाढत जाणार! शेताच्या धुऱ्याबाबत असा न्याय आपण चालू दिला असता काय?

नाल्यांचेही तसेच आहे. मुख्य नदीचा तळ खाली गेला की तिला मिळणारा ओढा उंचावरून पडू लागतो. पडण्याची ती पायरी दर पावसाळ्यात मागे मागे खात जाते आणि नदीपासून दूर असलेल्या शेतात घळ पडते. सीता नदीकाठच्या मंडळींनी आपल्या ओढ्यांची मुखे एकदा पाहून यावीत.

आणि पात्राबाहेरचे खोदकामही विसरू नये. वीटभट्टीसाठी गाळाची माती आणि शेताखालची रेती काढण्यासाठी काठाजवळ मोठे खड्डे होतात. एका एकरातून एक फूट माती काढली तर सुमारे ४३५ ब्रास होते. रक्कम मोठी दिसते, विशेषतः मुलीचे लग्न किंवा दवाखाना समोर असेल तेव्हा. अशा शेतकऱ्याला दोष देणे मला सोपे वाटत नाही. पण पुराच्या क्षेत्रात खड्डा खोल असला तर नदी कधीतरी मधला बांध फोडून त्यात शिरते आणि त्याच वाटेने पुढे वाहू लागते. मग एकट्याच्या खड्ड्यापायी शेजारच्या चार जणांची जमीन पात्रात जाते. म्हणून उपशाची मर्यादा पात्राच्या काठावर संपवून चालत नाही, ती पुराच्या रेषेपर्यंत न्यावी लागते.

जमीन परत उभी करण्याची किंमतही आता शासनाच्याच आकड्यांत आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतच्या कामांची घोषणा केली. तेवढे करूनही वरचा काळा थर लगेच तयार होत नाही.

निळी रेषा, लाल रेषा

पूररेषा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. केंद्रीय जल आयोगाने १९७५ साली पूरक्षेत्र विभागणीचा नमुना कायदा राज्यांकडे पाठविला. मणिपूरने १९७८ मध्ये आणि राजस्थानने १९९० मध्ये त्यावरून कायदे केले. महाराष्ट्राने कायद्याऐवजी परिपत्रकाचा मार्ग धरला. पाटबंधारे विभागाच्या २१ सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकाने दोन रेषा ठरविल्या. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यांपैकी जे जास्त असेल त्याची निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या व लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र.

पंचवीस वर्षांचा पूर याचा अर्थ एकदा आला की पंचवीस वर्षे निश्चिंती, असा नव्हे. दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार असते. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो.

मघाशी एका काकांनी विचारले की निळी रेषा आमच्या शेतावरून गेली तर जमीन कवडीमोल होईल का? प्रश्न रास्त आहे. निषिद्ध क्षेत्रात मोकळ्या जागेचे उपयोग आणि हलकी पिके यांना मुभा आहे. बंदी बांधकामावर आहे. म्हणजे शेती चालू राहते, प्लॉट पाडता येत नाहीत. नांदेडच्या रस्त्यालगत ज्यांची जमीन आहे त्यांना हे कठीण वाटेल आणि ते लपविण्यात अर्थ नाही. मात्र ज्याला शेतीच करावयाची आहे त्याला ही रेषा संरक्षण देऊ शकते.

देऊ शकते, असे म्हणतो. देते, असे म्हणत नाही. कारण या रेषांचा विचार प्रामुख्याने इमारतींसाठी झाला. बहुतेक आखणी शहरांलगत झाली आणि तिच्यात घर कोठे बांधू नये हे कळते, पण खड्डा कोठे खोदू नये हे कळत नाही. उद्योगांना नदीपासून दूर ठेवणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरणही २०१५ मध्ये मागे घेण्यात आले. रेतीचे धोरण तर वारंवार बदलते. २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रासची शासकीय डेपो पद्धत आली, एप्रिल २०२५ च्या धोरणाने ती जाऊन पुन्हा लिलाव आले. दगडापासून कृत्रिम वाळू करण्यास उत्तेजन मिळाले ही त्यातील चांगली बाजू. केरळने २००१ सालीच नदीकाठ संरक्षण आणि रेतीउपसा यांसाठी एकच कायदा केला व स्थानिक समित्या नेमल्या. काठ आणि रेती या एकाच दप्तरातील बाबी आहेत, हे तेथे लवकर ओळखले गेले. आपल्याकडे पूररेषा जलसंपदाकडे, रेती महसूलकडे आणि विहीर भूजल यंत्रणेकडे. नदी मात्र एकच आहे.

गावाने करावयाचे काम

शासनाची रेषा येईपर्यंत वाट न पाहता गावाने आपली रेषा आखून ठेवावी. हे काम अवघड नाही. २००६ च्या ऑगस्टमधील पूर आणि २०२५ चा पूर पाहिलेली माणसे गावात आहेत. देवळाची पायरी, शाळेची भिंत, विहिरीचे कठडे, जुनी झाडे येथे पाणी कोठवर आले होते ते तीन-चार जणांना वेगवेगळे विचारावे. एकत्र विचारल्यास सगळे मोठ्या आवाजाच्या माणसाचेच सांगतात. जुळणाऱ्या ठिकाणी रंगाची खूण करून साल लिहावे. गवंडी वापरतात त्या पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने तीच पातळी एका शेतातून दुसऱ्या शेतात नेता येते. मात्र नदीच्या उताराप्रमाणे पुराची पातळीही खालच्या अंगाला उतरत जाते, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर नवी जुनी खूण धरावी. या खुणा गट नकाशाच्या प्रतीवर उतरवाव्यात.

त्याचबरोबर काठापासून ५० मीटर आत, दर शंभर मीटरवर एक पक्का दगड रोवावा. दगडापासून कड्यापर्यंतचे अंतर मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा मोजून वहीत लिहावे. काठ किती सरकला हे सांगण्यासाठी मग कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. निवडक पाच-सहा विहिरींची पाणीपातळीही दोरीने मोजावी. दिवाळीच्या सुमारास एकदा, वैशाखाच्या अखेरीस एकदा, पहाटे मोटार सुरू होण्यापूर्वी. विहीर खोदताना रेतीचा थर किती फुटांवर लागला तेही त्या वहीत नोंदवावे. यावरून तिसरी, जमिनीखालची हद्द कागदावर येते.

या वहीचा उपयोग जिल्हा सर्वेक्षण अहवालाच्या वेळी आहे. हा अहवाल दर पाच वर्षांनी तयार होतो आणि त्याचा मसुदा २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी ठेवला जातो. एकवीस दिवस बघता बघता जातात. ग्रामसेवकांना आधीच सांगून ठेवावे. आमच्या गावाचा घाट यादीत घेऊ नये, असा मोघम अर्ज करू नये. अमुक गटाजवळ काठ दोन वर्षांत इतके फूट सरकला, अमुक विहिरींची वैशाखातील पातळी इतकी उतरली, येथील पुनर्भरण अभ्यास दाखवावा आणि अंतर रोवलेल्या दगडांपासून मोजावे, असा अर्ज करावा व पोच घ्यावी. ग्रामसभेपुढे घाटाचा विषय येईल तेव्हा हीच वही पुढे ठेवावी.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू आहे. रात्रीचे टिप्पर आकाशातून पात्रात उतरत नाहीत. ते कोणाच्या तरी शेतातून जातात आणि रेतीचा ढीगही कोणाच्या तरी शेतात पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८(७) प्रमाणे अवैध उपशाला गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि तो थकला तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. तराफे व सक्शन पंप पकडले गेल्यावर त्यांचा मालक सापडेलच असे नाही, सातबारा मात्र जागेवर असतो.

पट्ट्याप्रमाणे पिके

रेषा आखली की पिकांची मांडणीही सुधारता येते. काठालगतचा किमान दहा मीटरचा पट्टा नांगरू नये. तेथे मारवेल, वाळा यांसारखे गवत आणि मानवेल बांबू, करंज, उंबर लावावेत. ऊस थेट कड्यापर्यंत नेण्याची पद्धत सोडावी. कड्यावरच्या दोन सऱ्यांपायी पूर्ण कडा गमावल्याची उदाहरणे आपल्याच भागात आहेत. वारंवार पाणी येणाऱ्या पट्ट्यात खरिपाचा मोठा खर्च करू नये. पूर ओसरून वापसा आला की हरभरा (आकाश), करडई (परभणी कुसुम) किंवा रब्बी ज्वारी (परभणी मोती) घ्यावी. ओल धरणाऱ्या या जमिनीत ही पिके कमी पाण्यावर येतात. हळद, केळी, गुलाब, नवीन विहीर आणि मोटारीचा स्टार्टर २००६ च्या खुणेच्या वरच ठेवावेत.

पुराने शेतात रेती आणून टाकली असेल तर काय करावे, हा शेवटचा प्रश्न. थर चार बोटांपर्यंत असेल तर खोल नांगरटीने मातीत मिसळावा आणि शेणखत द्यावे. भारी काळ्या जमिनीत थोडी रेती अपाय करीत नाही. थर जाड असेल तर काढावा लागेल. त्यासाठी तहसील कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी, थराची जाडी चार ठिकाणी खड्डे घेऊन पंचनाम्यात लिहून घ्यावी आणि खाली मूळ काळी माती दिसली की यंत्र थांबवावे. साचलेल्या रेतीच्या परवानगीवर खालची जुनी रेती काढू देऊ नये. यंत्रवाला तुम्हाला सांगेल की आणखी दोन फूट घेतले तर भाव वाढवून देतो. त्या दोन फुटांच्या जागी पंचनाम्याचा आकडा दाखवावा.